वीस बोंडे, साठ डोळे

सांख्यिकीत एम. एस्सी. करणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एक अस्वस्थता गाठते. तिसरे सत्र संपत आलेले असते, मापन सिद्धांत आणि बहुचल विश्लेषण कसेबसे पचलेले असते आणि दिवाळीला घरी आलेले पाहुणे ‘आता पुढे काय?’ असे विचारून गेलेले असतात. अशा वेळी सीताबर्डीतून किंवा धरमपेठेतून जाताना सहा महिन्यांत डेटा सायन्स शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या नजरेत भरू लागतात, आणि आपण इतके दिवस जे घोकले ते जुने, कागदी आणि बाजारात न चालणारे आहे, अशी समजूत होऊन बसते. मी नागपुरातच शिकले आणि पुढे वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीवरच काम करत आले. सल्ला विचारायला येणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यातली ही धास्ती मला चांगली ओळखू येते. मात्र ती भलत्याच विषयांबद्दल आहे, असे माझे मत आहे. अभ्यासक्रमातले जे दोन विषय मुलांना सर्वांत नीरस वाटतात, म्हणजे नमुना निवड आणि प्रयोगांची आखणी, तेच उपयोजित कामात पहिल्या आठवड्यापासून लागतात. त्यांच्याशिवाय घेतलेले सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र मुलाखतीच्या दारापर्यंत नेते, आणि पुष्कळदा तिथेच सोडून देते.

हे विषय नीरस का वाटतात, याचे कारण परीक्षेत आहे. नमुना माध्य हा अनभिनत (म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीवरच येणारा) अंदाजक असल्याचे सिद्ध करा, स्तरित नमुन्याचे प्रसरण (म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे हलतो याचे माप) काढा, लॅटिन चौरसातला एक हरवलेला आकडा भरून प्रसरण विश्लेषणाचा तक्ता पूर्ण करा, असे प्रश्न वर्षानुवर्षे येत राहतात. प्रश्नात गव्हाचे शेत असते, पण ते शेत कोणी पाहिलेले नसते. आकडे तयार येतात. ते कोणी मोजले, कशाने मोजले, मोजताना काय सुटले, हे विचारायला उत्तरपत्रिकेत जागाच नसते. साहजिकच मुलांचा ग्रह असा होतो की सांख्यिकी सुरू होते ती आकडे हाती आल्यानंतर.

सिद्धांताला कमी लेखण्याचा माझा उद्देश मुळीच नाही. सी. आर. राव यांनी १९४५ साली, ऐन पंचविशीत, कोणत्याही अनभिनत अंदाजकाचे प्रसरण एका ठराविक मर्यादेखाली जाऊ शकत नाही हे दाखवले. ती असमता आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थी सिद्ध करतो आणि तिची सिद्धता कशी चालते हे समजण्यात एक निखळ आनंद आहे. थोड्या निरीक्षणांवरून सरासऱ्यांतला फरक तपासणारी आणि आज जगभर बटण दाबून वापरली जाणारी टी-चाचणीसुद्धा डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर असलेल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. बार्लीचे आणि हॉप्सचे नमुने मोजकेच मिळत, आणि मोठ्या नमुन्यांसाठी असलेली सूत्रे तिथे फसत. ही अडचण रोजच्या कामातली होती आणि तिच्यातूनच तो सिद्धांत निघाला. ज्याने टी-वितरणाची सिद्धता एकदा स्वतःच्या हाताने लिहिली आहे, त्याला ती चाचणी कुठे वापरू नये हे कळते. सहा महिन्यांच्या क्लासला नेमके हेच साधत नाही. पण रावांची मर्यादा असो की गॉसेटची चाचणी असो, नमुना नीट घेतला आहे असे धरूनच दोन्ही बोलतात. नमुनाच वाकडा असेल, तर त्या वाकडेपणाविषयी त्या अवाक्षर काढत नाहीत.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो, आणि त्याचा आराखडा एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी ‘सॅम्पल साइज’च्या रकान्यात एक आकडा भरावा लागतो. तो आकडा भरून घेण्यासाठी ही मंडळी माझ्याकडे येतात. रात्रपाळी करून आलेली असतात, डोळ्यांवर झोप असते, हातात गाइडने खुणा केलेला कागद असतो. ‘मॅडम, शंभर येईल असं काहीतरी करून द्या ना,’ ही विनंती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचे हसूही येत नाही. शंभरच का, याचेही उत्तर त्या कागदावरच असते. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक सूत्र आहे : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, आणि एल म्हणजे आपण सोसायला तयार असलेली चूक. पी पन्नास टक्के आणि एल दहा टक्के धरा, उत्तर बरोबर शंभर येते. एल पाच टक्के धरले तर उत्तर चारशे होते, आणि चारशे रुग्ण दीड वर्षात मिळणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून एल दहाच राहतो.

सूत्रात चूक काही नाही. एखाद्या वस्तीत रक्तक्षयाचे प्रमाण किती, असा प्रश्न असेल तर ते चोख काम करते. पण समोर बसलेल्या डॉक्टरांना वस्तीतले प्रमाण मोजायचेच नसते. त्यांना दोन औषधांची तुलना करायची असते, आणि त्या प्रश्नाचा हिशेब निराळा आहे. दोन औषधांत किती फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानायचा, हे आधी ठरवावे लागते. हा आकडा माझ्याकडे नसतो, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतो. तो डॉक्टरांच्या अनुभवात असतो आणि बोलता बोलता बाहेर काढावा लागतो. ‘डॉक्टर, सूज किती मिलिमीटरने कमी झाली तर तुम्ही जुनं औषध सोडून हे नवीन लिहून द्याल?’ असे विचारले की समोरची व्यक्ती पहिल्यांदा थांबते, विचार करते, कधी गाइडना फोन लावते. माझ्या मते उपयोजित सांख्यिकीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि एम. एस्सी.च्या चारही सत्रांत त्याचा सराव क्वचितच होतो.

नेत्रविभागातून येणारे तक्ते मला विशेष आवडतात, कारण त्यांत एक सुंदर सापळा असतो. प्रबंधात रुग्ण तीस असतात, पण तक्त्यात ओळी साठ असतात, आणि निष्कर्षात अभिमानाने लिहिलेले असते की साठ डोळ्यांचा अभ्यास केला. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांना फार परके नसतात. समजा त्यांच्या मोजमापांतला सहसंबंध, म्हणजे एकाबरोबर दुसरे किती बदलते याचे माप, ०.८ आहे (१ म्हणजे पूर्ण साथ); तर सरासरी काढण्यापुरती त्या साठ डोळ्यांतली माहिती सुमारे तेहतीस स्वतंत्र डोळ्यांइतकीच भरते. उलट, एका डोळ्यात एक औषध आणि दुसऱ्यात दुसरे घालून तुलना केली असेल, तर तोच सहसंबंध मदतीला येतो आणि थोड्या रुग्णांत काम भागते. आकडे तेच, तक्ताही तोच. औषध कोणाला दिले एवढ्या एका गोष्टीवर सगळा हिशेब फिरतो. संत्र्याच्या बागेत हेच घडते. खताचा प्रयोग झाडावर झाला असेल तर एका झाडाची पन्नास फळे तोलून पन्नास निरीक्षणे होत नाहीत. खत मिळाले ते एका झाडाला, म्हणून एकक झाड, मग बहार आंबिया असो की मृग. आखणीच्या तासाला ‘प्रायोगिक एकक’, म्हणजे उपचार ज्याला स्वतंत्रपणे दिला जातो ते, ही व्याख्या आम्ही दोन ओळींत उतरवून घेतली होती. त्या दोन ओळींवर माझी निम्मी नोकरी चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नमुन्याचा वाकडेपणा किती साध्या जागी लपलेला असतो, हे समजून घ्यायचे असेल तर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामाकडे वळावे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेला हा माणूस लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवून परत आला आणि शेतीच्या आकडेवारीत शिरला. देशात धान्य किती पिकते, हा १९४०च्या दशकात जीवनमरणाचा प्रश्न होता. उत्तर काढण्याची रीत अशी की यादृच्छिक पद्धतीने शेते निवडायची, प्रत्येक शेतात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा. तुकडा केवढा असावा, यावर मात्र मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण लहान तुकडा कमी वेळात कापून होतो आणि त्याच खर्चात जास्त शेते पाहता येतात. हा युक्तिवाद कागदावर अगदी बरोबर आहे. परीक्षेत कोणीही त्याला पूर्ण गुण देईल.

सुखात्मे यांनी मोठ्या आणि लहान तुकड्यांचे उत्पादन प्रत्यक्ष शेतात शेजारी शेजारी तोलून पाहिले, आणि १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की फार लहान तुकडे उत्पादन सातत्याने फुगवून सांगतात. कारण सीमारेषेवर आहे. कापणी करणाऱ्याच्या समोर नेमके रेषेवरचे रोप येते तेव्हा ते आत धरायचे की बाहेर, याचा निर्णय तो क्षणात करतो, आणि हात नकळत आत धरण्याकडे झुकतो. मोठ्या तुकड्यात अशा रोपांचा वाटा नगण्य असतो. लहान वर्तुळात तो मोठा होतो, कारण परिघाचे क्षेत्रफळाशी असलेले गुणोत्तर त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात चालते; त्रिज्या निम्मी केली की ते दुप्पट होते. शेतांची संख्या वाढवून ही चूक जात नाही. हजार शेतांत हजार वेळा हात आतच झुकतो, आणि मग अंदाजाचे प्रसरण जितके कमी तितक्या आत्मविश्वासाने आपण चुकतो. मोठ्या डेटाच्या आजच्या कौतुकात मला हा ऐंशी वर्षांपूर्वीचा विळा वारंवार आठवतो.

गणित पाठ असूनही आखणी शिकावी लागते याचे उदाहरण मला घरातही मिळाले. सावनेरकडे माझ्या मामांची कपाशी आहे. गुलाबी बोंडअळीची अडचण अशी की अळी बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते. म्हणून कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो की शेताचे प्रतिनिधित्व करतील अशी वीस झाडे निवडावीत, प्रत्येकाचे एक हिरवे बोंड तोडून फोडून पाहावे, आणि दोन बोंडांत अळी सापडली, म्हणजे दहा टक्के, तर फवारणीचा निर्णय घ्यावा. मामा मला म्हणाले, ‘पोरी, शेताचं प्रतिनिधी झाड कोन्तं, हे कोन सांगनार? धुऱ्यापाशची बोंडं तोडली त अळी सापडते, वावराच्या मधातली तोडली त एकातही नाई.’

या एका वाक्यात नमुना निवडीचा अर्धा अभ्यासक्रम आहे. मी वहीवर हिशेब मांडला. अळीचे खरे प्रमाण अगदी दहा टक्के असेल, तरी वीस बोंडांत दोनपेक्षा कमी किडकी निघण्याची संभाव्यता सुमारे ३९ टक्के येते. प्रमाण वीस टक्क्यांवर गेले तरी सुमारे सात टक्के वेळा ती वीस बोंडे शेतकऱ्याला निश्चिंत करून टाकतात. बरे, एकच किडके बोंड दिसताच फवारायचे ठरवले, तर दहा टक्के प्रमाण निसटण्याचा धोका १२ टक्क्यांवर येतो; पण प्रमाण अवघे दोन टक्के असतानाही तीनातल्या एका वेळी फवारणीचा खर्च अंगावर पडतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक (नसलेला धोका आहे असे मानणे आणि असलेला निसटू देणे) म्हणून आपण जे घोकतो, ते मामांच्या हिशेबात औषधाची बाटली आणि वाया गेलेली वेचणी या रूपात होते. शिवाय हा सगळा हिशेब बोंडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून केलेला. अळी मात्र पुंजक्यांनी येते, म्हणजे वास्तव याहून वाईट. शेवटी आमचे ठरले ते असे : बांधापासून थोडे आत शिरून सुरुवात करायची, दर काही ओळी सोडून नागमोडी चालायचे, थांबू तिथले हाताशी येईल ते झाड घ्यायचे, चांगले-वाईट पाहून निवडायचे नाही, आणि दर आठवड्याचे आकडे मागच्या आठवड्याशेजारी लिहून ठेवायचे. यात संगणकाचा काडीचाही संबंध आला नाही. वीसांपैकी किती बोंडे किडकी निघतील याच्या संभाव्यता देणारे द्विपद वितरण मात्र पदोपदी आले.

नागपूरच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी इंटरनेटवरचे तयार तक्ते उतरवून घेऊ नयेत, असा माझा आग्रह असतो तो याचसाठी. ते फुलांच्या पाकळ्यांचे आणि बुडालेल्या जहाजाच्या प्रवाशांचे तक्ते सगळ्या देशाने करून झाले आहेत. आपल्या शहरात काय नाही? विद्यापीठाचा परिसर ज्या अमरावती मार्गावर आहे, त्याच मार्गावर मृदा सर्वेक्षण आणि लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आहेत. वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. पर्यावरणावर काम करणारी नीरी १९५८पासून इथे आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय इथे आहे, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवर संस्करण करणारे केंद्रही इथेच आहे. मातीच्या नकाशात दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेचा अंदाज ज्या क्रिगिंग पद्धतीने बांधतात, तिचे मूळ डॅनी क्रीग या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याने सोन्याच्या खाणींसाठी १९५१च्या सुमारास केलेल्या कामात आहे. खाण आणि माती या दोन्हींच्या संस्था असलेल्या गावात हा विषय प्रकल्पाला कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते. परवानगी मिळायला वेळ लागतो, पत्रे द्यावी लागतात, खेटे घालावे लागतात, हे मान्य. पण आकडे ज्याने गोळा केले त्याच्याशी तासभर बोलण्यातून जे कळते, ते कोणत्याही तक्त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ही माहिती कुठेही मिळते. केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा होते. ही सेवा १९६१ साली स्थापन झाली आणि तिच्या लेखी परीक्षेत सांख्यिकीच्या चार प्रश्नपत्रिकांना सर्वाधिक वजन आहे. कर्मचारी निवड आयोगाकडून सांख्यिकी अधिकाऱ्यांची पदे भरली जातात, राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, रिझर्व्ह बँकेत स्वतंत्र संवर्ग आहे. खासगी क्षेत्रात बँकांची कर्जजोखीम, विमा आणि औषध कंपन्यांच्या चाचण्या ही मोठी दालने. त्यांसाठी बहुतेकांना पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागते, हे कटू असले तरी खरे आहे. औषध चाचण्यांत जायचे असेल तर सॅस हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर शिकावे, इतरत्र आर किंवा पायथन या संगणकभाषा. आर तर फुकट आहे. सॉफ्टवेअर शिकू नका, असे मी कोणालाच सांगत नाही. एक्सेलमध्ये ‘१०-१२’ असा वयोगट टाइप केला की त्याची १० डिसेंबर ही तारीख होऊन बसते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला आकडे स्वच्छ करण्याचे काम किती वेळ खाते ते सांगावे लागत नाही. आणि एक पानभर अहवाल साध्या भाषेत लिहिता यावा. मराठीत लिहिता आला तर इंग्रजीतही येतो, असा माझा अनुभव आहे.

नवीन उमेदवार घेताना मी त्यांच्यासमोर एक तक्ता ठेवते. दोन उपचार, सुरुवातीला प्रत्येकी १०० रुग्ण; शेवटच्या भेटीला एका गटात ९१ आणि दुसऱ्यात ६९; खाली पी व्हॅल्यू, म्हणजे उपचारांत फरकच नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता, ०.०३. यावर काय म्हणाल, एवढेच विचारते. बहुतेक जण चाचणी कोणती लावली असेल, वितरण प्रसामान्य आहे का, याबद्दल बोलू लागतात, आणि ते चुकीचेही नसते. नागपूरच्याच एका मुलीने मात्र तक्ता पाहिला आणि विचारले, ‘मॅडम, हे एकतीस लोक कुठे गेले?’ औषध सोसले नाही म्हणून ते निघून गेले असतील, तर उरलेल्या एकोणसत्तरांची सरासरी चांगली दिसणारच; म्हणून गळालेल्यांना त्यांच्या मूळ गटातच धरून हिशेब करावा लागेल आणि तो कसा करायचा हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवायला हवे होते, हे तिने पुढच्या दोन-तीन वाक्यांत मांडले. आर तिला जेमतेम येत होते आणि सॅसचा तर गंधही नव्हता. ते तिने रुजू झाल्यावर शिकून घेतले. आता आमच्याकडे इतरांनी लिहिलेले सॅसचे प्रोग्रॅम तीच तपासते.